फॉर्म १६ च्या अनुपस्थितीत करावयाचा विवरणपत्र-विधी

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २०३ अन्वये पगारातून कर कापणाऱ्या मालकाने कर्मचाऱ्यास जे प्रमाणपत्र द्यावयाचे असते, त्यास फॉर्म १६ म्हणतात. त्याचा ‘अ’ भाग कापून सरकारजमा केलेला कर सांगतो, ‘ब’ भाग पगाराची फोड करून दाखवतो, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत दोन्ही भाग कर्मचाऱ्याच्या हाती पडावेत, असा नियम आहे. मावळ तालुक्यात मोसमी पाऊसही साधारण याच सुमारास येतो, आणि दोहोंत पाऊस अधिक वक्तशीर, असे मानावयास पुरेशी जागा आहे. लोणावळ्यालगतच्या औंढे गावातील जो पगारदार एखाद्या बंगल्यावर, रिसॉर्टवर किंवा हॉटेलात कामास असतो, त्याचा मालक मुंबईस, हिशेबनीस पुण्यास आणि मॅनेजर दर हंगामास नवा, अशी व्यवस्था असल्यास फॉर्म १६ या तिघांपैकी नेमका कोणाकडे आहे, हे शोधणे हा प्रस्तुत विधीचा पूर्वार्ध ठरतो.

पूर्वार्धात फार काळ घालवू नये. मागणी लेखी, शक्यतो ईमेलने करावी, कारण तोंडी मागणीस ‘सीएंकडे दिलंय’ हे एकच उत्तर मिळते आणि सीएंकडे चौकशी केल्यास ‘मालकांकडून आलं नाही’ असे कळते. शनिवार-रविवार वर्ज्य समजावेत. जुलैमध्ये या दोन दिवशी भुशी धरणाकडे निघालेली गर्दी पाहता मॅनेजरला स्वतःचे नाव आठवले तरी पुष्कळ. प्रमाणपत्र न देणाऱ्या मालकास कलम २७२अ नुसार दर दिवसास ५०० रुपये दंड होऊ शकतो आणि त्याची कमाल मर्यादा कापलेल्या कराइतकी असते. मात्र हे कलम ऐकवताना चेहरा निर्विकार ठेवावा आणि ते पुढील महिन्याचा पगार खात्यात आल्यानंतरच ऐकवावे.

उत्तरार्ध सोपा आहे, आणि नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही. फॉर्म १६ हा विवरणपत्रास जोडावयाचा कागदच नव्हे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन नेमले गेले, तेव्हा ज्याला सनद दाखवता आली नाही त्याचे इनाम धोक्यात आले. आजच्या सरकारकडे मात्र पगारदाराची सनद आधीच पोहोचलेली असते. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर पॅन क्रमांकाने प्रवेश केल्यावर फॉर्म २६एएस, म्हणजे त्या पॅनवर जमा झालेल्या कराचा वार्षिक उतारा, आणि एआयएस, म्हणजे पगार, व्याज, लाभांश इत्यादींची २०२१ पासून उपलब्ध झालेली सविस्तर माहिती, असे दोन्ही दस्तऐवज पाहावयास मिळतात. थोडक्यात, मालकाने जे सरकारला कळवले आहे तेच कर्मचाऱ्याने सरकारकडून पाहून घेऊन पुन्हा सरकारला कळवावयाचे असते, आणि यालाच स्वयंघोषणा म्हणतात.

तथापि एक चूक हमखास होते: बँकेच्या पासबुकात दिसणारी रक्कम हाच पगार समजून ती विवरणपत्रात लिहिली जाते. खात्यात येतो तो पगाराचा उरलेला भाग होय. समजा, दरमहा ५२,००० रुपये जमा होतात आणि फेब्रुवारीत मात्र ५१,९०० येतात. या शंभर रुपयांवरून मालकाशी भांडण काढण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्रातील व्यवसाय कर, जो वर्षाला २,५०० रुपये भरावा म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात, त्याचा तो परिणाम असतो. जमा रकमेत हा २०० रुपयांचा कर, भविष्यनिर्वाह निधीत कर्मचाऱ्याच्या वाट्याचे गेलेले १,८०० आणि टीडीएसचे, म्हणजे पगारातूनच कापलेल्या प्राप्तिकराचे, १,००० मिळवले की ५५,००० हा एकूण पगार हाती लागतो. वर्षाचे ६,६०,००० झाले. नव्या करपद्धतीत त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की ५,८५,००० उरतात आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास सवलतीमुळे पगारावरील कर शून्य होतो, म्हणजे कापलेले १२,००० रुपये परत मिळावयास हवेत. ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मागण्याचा अर्ज म्हणजेच विवरणपत्र.

काहींना २६एएस उघडल्यावर निराळेच ज्ञान प्राप्त होते. पगाराच्या कलम १९२ खाली नावच नसते. त्याऐवजी कलम १९४सी खाली एक टक्का कर कापलेला दिसतो, म्हणजे तीन वर्षे स्वागतकक्षात उभा राहणारा गृहस्थ कागदोपत्री ठेकेदार निघतो. अशा वेळी नेमणूकपत्र, हजेरी किंवा पीएफ यांवरून नोकरी सिद्ध होत असल्यास हिशेबनिसाकडून टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घ्यावे. व्यवहार खरोखरच ठेक्याचा असेल तर पगारदारांचा ‘सहज’ हा नमुना चालत नाही, बहुधा ‘सुगम’ भरावा लागतो. दोन्ही नावे ज्याने ठेवली, त्याची विनोदबुद्धी वाखाणण्याजोगी आहे.

सर्वांत बिकट अवस्था म्हणजे पगारातून कर कापला गेला, पण २६एएस कोरे. कधी कधी अशा वेळीही हिशेबनीस एक्सेलवर छापलेला फॉर्म १६ सहीशिक्क्यानिशी देतो, परंतु ‘अ’ भाग ट्रेसेस या सरकारी पोर्टलवरूनच उतरवलेला असावा लागतो. नुसत्या सहीचा भरवसा किती धरावा, हे जानेवारी १७७९ मध्ये याच तालुक्यातील वडगावला झालेला तह इंग्रजांनी पुढे नाकारला, त्यावरून मावळाने ओळखावे. येथे कलम २०५ कामी येते: पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच ठरवले आणि १ जून २०१५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना अशी वसुली न करण्याची सूचनाही दिली. तरीही प्राप्तिकर विभागाच्या बेंगळुरूतील संगणकाकडून मागणीची नोटीस येऊ शकते; त्या वेळी पोर्टलवर असहमती नोंदवून कर कापल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे दरमहाची सॅलरी स्लिप व बँकेचा उतारा.

विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी पंधरा मिनिटेच चालतो, म्हणून पावसात रेंज जात असेल तर तो घराच्या कोणत्या खिडकीत येतो, हे आधी पाहून ठेवावे. तेही न साधल्यास सही केलेली पोच बेंगळुरूला स्पीड पोस्टाने धाडता येते. फॉर्म १६वाचून कोणाचे अडत नाही. अडते ते सॅलरी स्लिपवाचून, तेव्हा ती दर महिन्यास मागून घ्यावी आणि नोकरी सोडण्यापूर्वी बारा महिन्यांच्या बारा मोजून घ्याव्यात. पगारदारांसाठी विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै असते. ती चुकल्यास ५,००० रुपये, आणि एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्यास १,००० रुपये विलंब शुल्क कर्मचाऱ्यालाच भरावे लागते, मालकाला नव्हे.