टप उघडा, खिसा मोकळा

बोईसरकराने पहिलीच सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची, तर उघड्या टपाची बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय घ्यावी. ३४० अश्वशक्ती! शून्यावरून शंभरचा वेग साडेचार सेकंदांत. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलं, की शंभरचा विषयच संपतो. चालत्या गाडीत टप उघडायला वेग ताशी ५०च्या आत लागतो. ही अट आपले खड्डे आणि केमिकलचे टँकर चोख पाळून घेतात. पावसाळ्यात टप बंद. एरवी तारापूर एमआयडीसीचा दर्प, म्हणून बंदच. तेव्हा ‘टप फारसा उघडलेलाच नाही, साहेब’ या एजंटच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवावा आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या ठोकाव्यात. इंजिनही कोरंच असणार. त्याला पळायला मिळालंय कुठे?