श्री. लसिथ मलिंगा यांस, एका धावेच्या येण्याबाबत

श्रीयुत लसिथ मलिंगा,
मु. पो. गॉल, श्रीलंका.

स. न. वि. वि.

आपली-आमची ओळख नाही. तरी 12 मे 2019 च्या रात्रीपासून आमची एक धाव आपल्याकडे येणे आहे. खरं तर जिंकायला दोन हव्या होत्या. पण एक मिळती तरी सुपर ओव्हर झाली असती. आम्ही तेवढ्यावर मिटवून घेतलं असतं.

आठवण करून देतो. हैदराबाद, आयपीएलचा अंतिम सामना, मुंबईच्या 149. पहिल्या तीन षटकांत आपण 42 धावा वाटल्या. मन एवढं मोठं! मग शेवटचं षटक, चेन्नईला नऊ हव्यात. शेवटच्या चेंडूवर दोन. आपण हळू यॉर्कर टाकलात, पायचीत. चार षटकांत 49 धावा आणि बळी एकच. दानशूर माणसाने अख्ख्या सामन्यात एकालाच लुबाडलं, आणि तो नेमका आमचा शार्दुल ठाकूर.

'आमचा' म्हणायचा हक्क काय, असं आपण विचाराल. तो पालघरचा, आम्ही जव्हार-मोखाड्याचे. मध्ये घाट. पालघरहून गाडी पकडून मुंबईच्या मैदानांवर जाणाऱ्या या पोराला वर्तमानपत्रांनी 'पालघर एक्स्प्रेस' केलं. आमच्या दोन्ही तालुक्यांत रूळच नाहीत, त्यामुळे एक्स्प्रेस दुसऱ्याचीच घ्यावी लागते. शिवाय 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून नवा जिल्हा निघाला, तेव्हा मुख्यालय जव्हारला व्हावं ही आमची जुनी मागणी होती. मुकणे राजांची राजधानी, आदिवासी तालुक्यांचा मध्य, हवा थंड. मुख्यालय पालघरला गेलं. ज्या गावाने आम्हाला हरवलं, त्याच गावच्या पोराला आम्ही डोक्यावर घेतलं. (दुसरं कुणी घ्यायला नव्हतंच, पण हे खुल्या पत्रात लिहायचं नसतं.)

तसं पाहिलं तर मुंबई जिंकली म्हणून आम्ही पेढे वाटायला हवे होते. मोखाड्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबई पिते. म्हणजे त्या विजयात आमचा ओला हिस्सा आहे. मे महिना आयपीएलच्या फायनलचा आणि आमच्या पाड्यांवर टँकरचा. 2016 ला तर दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर धाडले आणि पुण्याच्या संघाने विशाखापट्टणमला बिऱ्हाड केलं. मैदानांवर न मारलेलं ते पाणी मोखाड्याच्या हंड्यात उतरेल, अशी काहींना आशा होती. चाहत्यांना अशी सवय असते.

त्या पुण्याचंच घ्या. 21 मे 2017. हेच हैदराबाद, समोर हीच मुंबई, मुंबईकडून आपण, पुण्याकडून शार्दुल. हव्या होत्या 130, झाल्या 128. एका धावेने हार. त्यानंतर संघच उरला नाही, त्याची नेमणूकच दोन वर्षांची होती. त्याआधीच्या पुणे वॉरियर्सने तीन हंगामांत गाशा गुंडाळला होता. हरणाऱ्या संघाचा चाहता निदान 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू शकतो. आम्हाला पुढचं वर्षही ठेवलं नाही.

तेव्हा आम्ही शहाणपणा केला. संघ सोडला, माणूस धरला. माणूस विसर्जित होत नाही, कुठेतरी खेळतोच. आणि खेळला की हो! जानेवारी 2022, जोहान्सबर्ग: 61 धावांत सात बळी. भारत सात गड्यांनी हरला. जून 2023, ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना: शार्दुल 51. भारत 209 धावांनी हरला. जानेवारी 2025, वांद्रे-कुर्ला संकुल, रणजी: रोहित, यशस्वी, अजिंक्य, श्रेयस असलेल्या मुंबईच्या पहिल्या डावात 120, त्यातल्या 51 त्याच्या, दुसऱ्या डावात त्याचं शतक, 119. सामना जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून जिंकला. वाईट खेळला असता तर टीव्ही बंद करून वेळेवर झोपलो असतो. तो असा खेळतो की जागावंच लागतं.

2018 आणि 2021 ला चेन्नईने चषक नेला तेव्हाही तो होता, ब्रिस्बेनच्या विजयातही त्याच्या 67 धावा आहेत, हे मला ठाऊक आहे. घरचे आठवण करून देतात. पण जिंकलेल्या सामन्यावर टपरीवर कुणी तासभर भांडत नाही. हार पुरवून पुरवून खाता येते.

आमचं स्वतःचं क्रिकेटही याच घराण्यातलं. भात कापून खाचरं मोकळी झाली की टेनिस बॉलची खेळपट्टी तयार होते, आणि त्याच सुमाराला निम्मा संघ भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातो. सलामीवीर विटा थापतो, यष्टिरक्षक मुंबईत बांधकामावर. उरलेल्या सात-आठ जणांनी समोरच्या अकरांशी खेळायचं. सामन्यानंतर आमच्याकडे हारीची कारणमीमांसा होत नाही. कारण भट्टीवर असतं.

असो. मुद्द्यावर येतो. 2024 च्या हंगामाला आपण मुंबईचे गोलंदाजी प्रशिक्षक होऊन आलात आणि मुंबई दहांत दहावी आली. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही, पत्र मुलंही वाचतात. पण नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईने लखनौकडून शार्दुललाच घेतलं. पाणी नेलं, माणसं नेली, आता आमचं हरायचं कारणही नेलं! मुंबई जिंकल्यावर टाळी कुठल्या तोंडाने वाजवायची, सांगा.

म्हणून तडजोड सुचवतो. तो हळू यॉर्कर त्याला शिकवा. सगळा शिकवा, हातचं राखू नका. आणि कधी शेवटच्या चेंडूवर समोरच्यांना दोन धावा हव्या असल्या, तर चेंडू त्याच्याच हातात द्यायला सांगा. त्या दिवशी आमची धाव वळती झाली असं समजू. व्याज सोडलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका धावेने कमी पडलेला,
मु. पो. जव्हार, जि. पालघर (मुख्यालय खाली)

ता. क. पत्र मराठीत आहे, रोहित शर्माकडून वाचून घ्या. तो आणि शार्दुल बोरिवलीच्या एकाच शाळेचे. शार्दुलच्या हाती मात्र पडू देऊ नका. उगाच त्याला वाटेल, आम्ही त्याच्यावर नाराज आहोत.