स्टॉक गाडीत स्टॉक काय?

अमेरिकेच्या ‘नॅसकार’ शर्यतीतली टोयोटा कॅमरी जवळून पाहा. हेडलाइट दिसतात? ते स्टिकर आहेत. दरवाजे दिसतात? ते उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. रस्त्यावरच्या कॅमरीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो, शर्यतीतलीत मागच्या. आणि बॉनेटखाली व्ही-८ इंजिन, जे शोरूममधल्या कोणत्याच कॅमरीत मिळत नाही.

तरी खेळाचं नाव स्टॉक कार रेसिंग.

नावाचा अर्थ सरळ होता. डीलरच्या साठ्यात, म्हणजे स्टॉकमध्ये असलेली गाडी. कारखान्यातून आली तशी, काहीही न बदललेली. तुम्ही घेता तीच गाडी, फक्त चालवणारा पट्टीचा. प्रेक्षकाला दिलेला शब्दच तो.

पाळला गेला का?

या खेळाची जन्मकथा अमेरिकेत आवडीने सांगतात. १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ॲपलाचियाच्या डोंगरात हातभट्टी गाळायची आणि रात्रीच्या अंधारात ती गावोगाव पोचवायची. बंदी उठली तरी कर चुकवण्यासाठी धंदा चालूच राहिला. त्यासाठी लागे चारचौघांत उठून न दिसणारी गाडी, शक्यतो फोर्ड व्ही-८. इंजिन वाढवलेलं, मागचे स्प्रिंगचे पाटे ताठ केलेले, म्हणजे दारूच्या वजनाने गाडी बसायची नाही आणि पोलिसांना संशय यायचा नाही. पुढे हीच माणसं आपसात शर्यती लावू लागली.

म्हणजे या खेळाची मूळ गाडी स्टॉक नव्हतीच. ती फक्त तशी दिसत होती.

डिसेंबर १९४७ मध्ये शर्यती भरवणाऱ्या बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात मंडळी जमवली. दोन महिन्यांत ‘नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग’, म्हणजेच नॅसकार, स्थापन झाली. आणि १९४८ च्या पहिल्या मोसमात पळवलं काय? मॉडिफाइड गाड्या! युद्धानंतर नव्या गाड्यांचा तुटवडा होता, कारण खरं होतं. पण पाटी आधी लागली, माल नंतर आला.

माल आला १९ जून १९४९ ला, शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर. या वर्गाचं नाव ‘स्ट्रिक्टली स्टॉक’. हा दिवस मात्र मला मनापासून आवडतो. ली पेटी या ड्रायव्हरने चक्क मागून आणलेली ब्यूक रोडमास्टर पळवली आणि उलटवली. आता ती मालकाला परत कशी द्यायची? इतकी खरी होती ती शर्यत.

ग्लेन डनअवे तीन फेऱ्यांच्या आघाडीने पहिला आला. मग तपासनीस त्याच्या फोर्डखाली वाकले. मागच्या पाट्यांत फेरफार. हातभट्टीवाल्यांची जुनी युक्ती! डनअवे बाद, आणि कॅन्ससहून लिंकन घेऊन आलेला जिम रोपर विजेता. गाडीमालक कोर्टात गेला, तिथेही हरला.

कडक निर्णय, आणि योग्यच. दारूवाल्यांच्या शौर्यकथांवर मोठ्या झालेल्या संस्थेने पहिलाच विजेता दारूवाल्यांच्या पाट्यांपायी घरी पाठवला. त्या दिवशी दिलेल्या शब्दाला किंमत होती.

किती दिवस?

पुढच्याच वर्षी ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ नाव गेलं, ‘ग्रँड नॅशनल’ आलं. हडसन कंपनीने तर सोपी वाट काढली. शर्यतीत लागणारे मजबूत सुटे भाग ‘खडतर वापरासाठी’ म्हणून थेट आपल्या यादीत घातले. यादीत आहे ना? मग झालं स्टॉक!

गिऱ्हाईक? ते नसलं तरी चालतं.

डेट्रॉइटमध्ये तेव्हा एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं : रविवारी जिंका, सोमवारी विका. यातला सोमवार महत्त्वाचा. १९६४ मध्ये क्रायस्लरचं हेमी इंजिन लावून रिचर्ड पेटीने डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. हे इंजिन दुकानात कुठे मिळतं? नॅसकारने पुढच्या वर्षी ते रोखलं, क्रायस्लरने बहिष्कार टाकला. १९६६ मध्ये कंपनीने तेच इंजिन रस्त्यावरच्या गाडीत बसवून विकायला काढलं. तोड निघाली, पण उलट्या बाजूने. लोक घेतात ते पळवायचं, हा नियम होता. आता पळवायचंय म्हणून लोकांना विकायचं!

याचा कळस प्लिमथ सुपरबर्ड. १९७० ची ही गाडी. पुढे लांब टोकदार नाक, मागे उंच उभा पंख. शर्यतीची परवानगी हवी तर ठरावीक गाड्या विक्रीला काढणं भाग होतं, म्हणून सुमारे १,९०० बनवल्या. वेग अफाट, विक्री मंद. काही डीलरांनी तर नाक आणि पंख उतरवून ती साधी गाडी म्हणून खपवली.

शोरूमची गाडी शर्यतीला न्यायची होती. इथे शर्यतीची गाडी शोरूममध्ये पडून राहिली.

आता कुणी म्हणेल, बदल तर जीव वाचवायला झाले. अगदी मान्य! फायरबॉल रॉबर्ट्स १९६४ मध्ये शार्लटला पेटलेल्या गाडीत भाजला आणि काही आठवड्यांनी गेला. पुढे रबरी पिशवीच्या सुरक्षित इंधन टाक्या आल्या. डेल अर्नहार्ट २००१ च्या डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत गेला, त्याच वर्षी डोकं आणि मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला. लोखंडी पिंजरा हवाच. यातल्या एकाही गोष्टीवर माझा आक्षेप नाही, आणि जुन्या शर्यतीच बऱ्या होत्या म्हणणाऱ्यांनी रॉबर्ट्सचं मरण आठवावं.

पण स्टिकरच्या हेडलाइटने कुणाचा जीव वाचतो?

२००७ मध्ये सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना जवळपास एकच साचा आला. प्रेक्षक वैतागले, तेव्हा २०१३ मध्ये ‘ब्रँडची ओळख’ परत आणली. म्हणजे पत्र्याची वळणं बदलली. २०२२ पासून सांगाडा सगळ्यांना एकाच पुरवठादाराकडून, गिअरबॉक्सही तसाच, आणि वरचं कवच पत्र्याचंही नाही. चाकं आणि मागचं सस्पेन्शन आता रस्त्यावरच्या गाड्यांच्या जास्त जवळ गेलं, हे खरं. चुरसही वाढली. खेळ म्हणून उत्तम.

मग तसं सांगा ना. एका सांगाड्यावर तीन कंपन्यांची कवचं, ही आमची शर्यत. कोण नाही म्हणेल? तिकीट काढून येणारा माणूस मूर्ख नाही. त्याला जे दिसतं ते खरं मानायला लावण्याची गरज काय? की सोमवारची विक्री अडते?

विक्रीचंच पाहू. शेव्हरले कॅमॅरोचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. दोनच महिन्यांनी डेटोना ५०० झाली आणि विल्यम बायरनने ती जिंकली. कॅमॅरो चालवून.