आधी मी!

सकाळच्या पाळीला मोशीत पुणे-नाशिक रस्त्यावर जे दिसतं, तेच आमच्या वर्कशॉपातल्या संगणकात बटण दाबताच घडतं. कंपनीच्या बस, टेम्पो, दुचाक्या. सगळ्यांचं 'आधी मी'! संगणकातले प्रोग्रॅमही तसेच: प्रिंटरचा मदतनीस, अपडेट हुंगणारा, भंगारात गेलेल्या स्कॅनरचा रखवालदार, सगळे 'ऑटोमॅटिक'. विंडोजनं 'डिलेड स्टार्ट', 'मॅन्युअल', 'डिसेबल्ड' असे पर्याय दिलेत. पण स्वतःहून मागे थांबेल तो मोशीकर कसला!

लिनक्सवाल्यांनी 2010 साली, कोणी कधी निघायचं ते ठरवणारं सिस्टमडी काढलं. ज्यांचं एकमेकांवाचून अडत नाही, त्यांना एकदम सोडायचं. त्यातही 'आफ्टर' म्हटलं की फक्त क्रम ठरतो. पुढचा येईलच याची हमी नाही. (आमच्या बससारखंच.)

स्कॅनरवाल्याला मी 'डिसेबल्ड' केलं. पुढच्या अपडेटनंतर, अतिक्रमणवाले गेल्यावर हातगाडी येते तसा, तो पुन्हा जागेवर हजर.