ऐकलंत का, केबलवाले येऊन गेले!

अहो वहिनी, या ना जरा कुंपणापाशी. ऐकलंत का? काल आपल्या गल्लीत लोकल केबलच्या बातम्यांवाले आले होते! पाण्याच्या बोंबेवरून हो. आणि तुम्ही नेमक्या बँकेत!

ते माइकवालं पोरगं स्कूटरवरून उतरलं मात्र, सेक्रेटरीणबाई आत पळाल्या. मला वाटलं, चहा टाकायला गेल्या. कसला चहा! बाहेर आल्या त्या मोरपंखी पैठणी नेसून. नळाला थेंब नाही म्हणून रडायचं आणि अंगावर पैठणी! आमच्या सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "ही बातमी द्यायला निघालीये की मुंजीला?"

सासूबाईंना तो हक्कच आहे. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, मग सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यालाही दिसायला लागलं, तेव्हापासूनच्या प्रेक्षक त्या. वाड्यात एकच टीव्ही. बायका काय बातम्या ऐकायला बसायच्या होय? स्मिता पाटील दिसते म्हणून बसायच्या! आपल्या पुण्याचीच ना, शिवाजीराव पाटलांची लेक. ती तिथे लागली कशी, माहितीये ना? ज्योत्स्ना किरपेकर बातम्या द्यायच्या बघा, त्यांच्या यजमानांनी हिचे फोटो काढलेले. ते दूरदर्शनच्या मोठ्या साहेबांच्या नजरेस पडले म्हणे, आणि... झालं काम! मग सिनेमावाल्या बेनेगलांनी टीव्हीवर पाहिली, आणि 1975 मध्ये पडद्यावर 'चरणदास चोर' काय, 'निशांत' काय. भक्ती बर्वेही तिथल्याच की, बातम्या देता देता नाटकातली 'ती फुलराणी' झाल्या. आणि बातम्या देणाऱ्या प्रदीप भिड्यांचं तर विचारूच नका. त्यांचा आवाज आला की सासऱ्यांसमोर कुणी भांडं आपटायचं नाही.

पण खरी गंमत पुढेच. स्मिता म्हणे जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची! कॅमेऱ्यात टेबलाच्या वरचंच दिसणार ना. हे सासूबाईंना किती वर्षांनी कळलं, आणि चेहरा असा पडला... "अगं, मी तिचा बघून पदर घ्यायला शिकले, आणि खाली पँट?" दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

हां, तर काय सांगत होते... पैठणी! रात्री अख्खी बिल्डिंग सेक्रेटरींच्या हॉलमध्ये. आधी कुठल्याशा नगरसेवकाचा वाढदिवस, मग क्लासची जाहिरात, मग एकदाची आपली गल्ली. बाई तीन मिनिटं बोलल्या होत्या, दाखवलं किती? "पाणी नाही हो..." एवढंच! त्यातही खाली दागिन्यांच्या सेलची ही एवढी पट्टी. पैठणीचा काठ गडप, पदर गडप, नुसती मान! आणि मागे कोण दिसतंय स्वच्छ? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, गाऊनमध्ये, हातात रिकामी बादली! सेक्रेटरीणबाईंनी रिमोट उशीखाली घातला. काकूंना मात्र सकाळपासून फोनवर फोन, "अय्या, टीव्हीवर दिसलात!"

काय म्हणालात, पाणी? आलं की! आज सकाळी महापालिकेची माणसं आली, व्हॉल्व्ह फिरवला, धो धो पाणी. पण पलीकडच्या गल्लीला. त्या पोरानं पट्टीवर गल्लीचं नावच चुकवलं होतं!