ब्रेक तपासले, असे कागदावर आहे

चहा घेता घेता तुमच्या गाडीच्या मागच्या सर्व्हिसचा कागद काढा. त्यात 'ब्रेक तपासणी' असा रकाना असेल आणि त्यापुढे पेनाने केलेली बरोबरची खूण. आता खाली जाऊन चाकांचे नट बघा. त्यांच्यावरची धूळ जशीच्या तशी असेल, तर तपासणी झाली कशी? अलॉय चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, हे मान्य. पण डिस्कच्या आतल्या बाजूलाही एक पॅड असतो. कॅलिपरच्या पिना आवळल्या की बऱ्याचदा तोच आधी झिजतो, आणि तो नीट बघायचा तर चाक उतरवावंच लागतं. माझी तक्रार त्या खुणेविरुद्ध आहे.

ही तक्रार सुरतेतून जास्त तीव्रतेने करावी लागते. शंभराहून जास्त पुलांचं हे शहर. उड्डाणपुलावरून उतरलं की पायथ्याशी सिग्नल, सिग्नल सुटला की मेट्रोचे पत्रे. रिंग रोडला कापड मार्केटसमोर साड्यांच्या पार्सलांनी भरलेला टेम्पो हात न दाखवता वळतो. हायवेवरच्या गाडीला दहा किलोमीटरमध्ये जेवढा ब्रेक लागतो, तेवढा इथे उधना दरवाजा ओलांडेपर्यंत लागतो. म्हणजे पॅड किती किलोमीटरला बदलायचे, हे दुसऱ्या गावच्या गाडीवरून ठरवता येणार नाही. चाक काढून मोजणं हाच मार्ग, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

मग एके दिवशी किंचाळणं सुरू होतं. बऱ्याच पॅडांना पत्र्याची एक बारीक पट्टी असते. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड. तो झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला घासते आणि शिट्टी वाजते. मालकाला कळावं म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे ती. पण गॅरेजात गेलात की उत्तर ठरलेलं, "काका, वरसादनो काट छे, जतो रहेशे." पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो आणि दोन-चार ब्रेक मारले की जातो, हे खरंच आहे. म्हणूनच राग येतो. खऱ्या गोष्टीचा आडोसा घेऊन आठवडाभर न थांबलेला आवाजही गंजाच्या खात्यावर टाकला जातो. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने 1902 मध्ये घेतलं आणि त्याच्या तांब्याच्या पॅडांचा आवाजही लोकांना असह्य व्हायचा. इतक्या जुन्या तक्रारीला अजून 'जतो रहेशे' एवढंच उत्तर मिळतं.

बदलायची वेळ आली की दुसरा अन्याय. काम खरं तर सरळ आहे. चाक काढा, कॅलिपरचा बोल्ट सोडून तो वर उचला, जुने पॅड काढा, पिस्टन सावकाश मागे दाबा, पिना पुसून उष्णता सोसणारं ग्रीस लावा, नवे पॅड बसवा. पिस्टन मागे जाताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, त्याकडे लक्ष हवं. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. यातला पिनांचा टप्पा सर्रास गाळला जातो आणि बिलावर मात्र 'ब्रेक ओव्हरहॉल' येतं. जुने पॅड मागितले, तर "ए तो भंगारमां गया." ते पॅड आपले आहेत. आत-बाहेर सारखे झिजलेत की एकच बाजू पातळ झाली आहे, एवढं बघितलं तरी पिन अडकली होती का ते कळतं. तो पुरावाच परस्पर भंगारात जातो.

किल्ली हातात देताना कोणी हेही सांगत नाही, की गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिला ब्रेक पार खाली जातो. नवे पॅड डिस्कशी जुळेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळायचा, हेही आपणच कुठून तरी शिकायचं.

आता ही खूण कुठवर जाते ते बघा. उधना, लिंबायत, डिंडोलीतली आपली खानदेशी घरं आखाजीला आणि दिवाळीला गावाकडे निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि पुढे साक्री-धुळे. जाताना चढ असतो, येताना उतार. पुढे मालट्रक, मागे मालट्रक, गाडीत म्हातारी आई, मुलं, डिकीत ज्वारीचं पोतं. त्या उतारावर पॅड तापतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत असतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. जुनं झालेलं ऑइल उतारावर उकळू लागलं की पेडल मऊ पडतं. त्या वळणावर आई मागच्या सीटवर डुलकी घेत असते, ती त्या कागदावरच्या खुणेच्या भरवशावर.

उधन्यातल्या एका गॅरेजचा मिस्त्री न सांगता चाक उतरवतो, आतला पॅड काढून आपल्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, हाई देख." तेव्हा हे अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. पुढच्या सर्व्हिसला मी लिफ्टशेजारी स्टूल घेऊन बसणार आहे. त्या रकान्यात पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या पॅडांची जाडी मिलिमीटरमध्ये, मागच्या ड्रममधल्या लायनरची वेगळी, ऑइल बदलल्याची तारीख, आणि खाली तपासणाऱ्याची सही. तुम्हीही लिहून घ्या. आखाजीच्या आधी.