ओटीपी आला रे!

आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या फ्रिजवर एक जुना फोन असतो. काच तडकलेली, चार्जर कायम खुपसलेला आणि मागे चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं : हात लावू नये. आत चिरंजीवांचं इथलं सिमकार्ड. चिरंजीव न्यू जर्सीत.

उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा कोथरूडला पहाटेचे तीन. चिरंजीव ऑफिसातून सुटतात, इथल्या खात्यातून कसलं तरी बिल भरायला घेतात आणि फ्रिजवर फोन कोकलतो. काका उठतात, चष्मा शोधतात, सहा आकडे मोठ्याने वाचतात. तोवर मुदत संपलेली असते. पुन्हा पाठव रे!

आपल्याकडे याला 'मुलगा तिकडे मस्त सेटल झाला' असं म्हणतात.

मुलगा निघायच्या आधीचा महिना आठवा. तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्या लटकवून मोजायला खास काटा आणलेला. कुकर आत, गोधडी बाहेर. गोधडी आत, भाकरवडी बाहेर. मेतकूट तर ग्रॅमवर तोललं. बँकेत मात्र घरातलं कुणी फिरकलं नाही.

"बँकेला कशाला सांगायचं?"

गोम इथेच आहे. नोकरीसाठी देश सोडला की फेमा कायद्याच्या लेखी तुम्ही अनिवासी. त्यानंतर साधं बचत खातं साधं ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. शिकायला गेलेल्यालाही तेच लागू. पण कार्ड चालतंय, यूपीआय चालतंय, मग कोण बघतंय?

आयकर खात्याचं गणित आणखी निराळं. ते दिवस मोजतं. देशात १८२ दिवस भरले की तुम्ही त्या वर्षापुरते निवासी. म्हणजे नोव्हेंबरात विमानात बसलेला माणूस मार्चअखेरपर्यंत एका कायद्याला परदेशी आणि दुसऱ्याला अस्सल देशी. आणि देशी म्हटल्यावर त्या चार महिन्यांचा तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवायचा.

हे चिरंजीवांना कोण सांगणार? त्यांना मेतकूट दिलंय ना!

एनआरओ आणि एनआरई यांतला फरक समजायला सीए लागत नाही. इथलं भाडं, इथला लाभांश एनआरओत. तिकडची कमाई रुपयांत ठेवायची तर एनआरई. एनआरईच्या व्याजावर इथे कर नाही आणि पैसे परत न्यायला आडकाठी नाही. एनआरओच्या व्याजातून मात्र तीस टक्क्यांहून जास्त रक्कम आधीच कापली जाते.

आता कळलं, बँकेला का सांगायचं नसतं ते?

बरं, 'कोण बघतंय'चं उत्तरही देऊन टाकू. २०१५ मध्ये भारत आणि अमेरिकेचा फॅटका करार झाला. २०१७ पासून इतर अनेक देशांशीही खात्यांची माहिती आपोआप इकडून तिकडे जाते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचं काही लपत नाही, आणि आता सरकारांचाही तसाच एक ग्रुप आहे.

अमेरिकेची गंमत तर पुढेच आहे. तिथल्या करदात्याच्या देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर रक्कम दिसली, तरी ती तिथल्या सरकारला कळवावी लागते. देशाबाहेरचं खातं म्हणजे कुठलं? आपल्या पौड रोडच्या शाखेतलं. आईने निवृत्तीची पुंजी एफडीत ठेवली आणि 'असू दे सोयीला' म्हणून दुसरं नाव मुलाचं घातलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईंच्या पैशांचा हिशेब आता वॉशिंग्टनला जातो.

आणि 'एसआयपी चालूच ठेव हं' म्हणणारे मामा? आपल्या म्युच्युअल फंडांवर अमेरिकेत लागणारा कर जाचक आहेच, शिवाय इथले कित्येक फंड अमेरिकावासीयांचे पैसे घ्यायलाच नाखूश असतात. मामांना हे ठाऊक नाही. मामांचं ज्ञान दहिसर चेकनाक्याला संपतं.

पीपीएफ? चालू खातं मुदत संपेपर्यंत चालवा. पुढे वाढवून मिळत नाही, नवं उघडता येत नाही. विषय संपला.

वाकडचा फ्लॅट भाड्याने दिलाय? उत्तम. घरमालक अनिवासी असेल तर भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी भाडेकरूची. हे घरमालक सांगत नाही, एजंट सांगत नाही. नोटीस मात्र भाडेकरूच्या नावाने येते. बिचारा पाण्याच्या टँकरची वर्गणी भरतोय, त्यात हे.

तिकडे जरा बस्तान बसलं की गावाकडच्या जमिनीची ओढ लागते. मुळशीला चार गुंठे घेऊ, छोटंसं फार्महाऊस बांधू, सुट्टीत हुरडा खाऊ. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारशाने आली तर ठेवता येते. म्हणून काही घरांत ती काकांच्या नावावर घेतात आणि पुढे काकांची मुलं ती स्वतःच्याच नावावर आहे हे बरोबर लक्षात ठेवतात.

पगार रुपयांत मोजायचा आणि घरभाडं डॉलरमध्ये भरायचं. पहिले सहा महिने श्रीमंती टिकते ती याच गुणाकारावर.

इथे चिरंजीवांचा सिबिल ७९०. कर्ज घ्या म्हणून दिवसाला चार फोन यायचे. तिकडे उतरले आणि पत शून्य! मग स्वतःचेच काहीशे डॉलर बँकेत अनामत ठेवायचे आणि तेवढ्याच रकमेचं क्रेडिट कार्ड घ्यायचं. आपलेच पैसे, आपल्यालाच उधार.

जर्मनीचा मामला अधिक चोख. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्याने व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून दाखवायचे, मग त्यातले महिन्याला ९९२ हातात पडणार. बाबांचे पैसे, पण खाऊचा डबा जर्मनांच्या हातात. खरं सांगू? यात मला काही वावगं वाटत नाही. आपल्या कित्येक घरांत हा डबा पहिल्या दोन महिन्यांतच रिकामा होतो.

एक काळ होता, परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर आठ डॉलर ठेवून सरकार निरोप द्यायचं. आज निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो. अनिवासी झाल्यावर एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, कर भरून आणि कागद दाखवून. कायदा एवढा सैल झाला. आपण अजून त्या आठ डॉलरवाल्याच्या धास्तीने बँकेपासून तोंड लपवतोय.

गेल्या पावसाळ्यात काका आठ दिवस गावाला गेले. फोन फ्रिजवर, घराला कुलूप. नेमका तेव्हाच चिरंजीवांच्या विम्याचा हप्ता आला. ओटीपी आला, वाजला, विझला. तीन वेळा. शेवटी शेजारच्या काकूंकडची किल्ली, व्हिडिओ कॉल आणि स्टुलावर चढलेल्या काकू! एका लाखभर डॉलर पगाराच्या माणसाची अर्थव्यवस्था त्या रात्री एका स्टुलावर उभी होती.

तुमच्याकडे कुणी निघणार असेल तर बॅगेचा काटा जरा बाजूला ठेवा आणि आधी शाखेत जा. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, तिकडचा पत्ता आणि खातं बदलायचा एक फॉर्म. अनेक बँका अनिवासी खात्याला तिकडचाच मोबाइल नंबर जोडून देतात, तोही तेव्हाच विचारून घ्या.

काकांना पहाटे तीनला झोपू द्या.